वाऱ्याविरुद्ध गेलेली वस्तू

दुर्बिणीच्या भिंगात हवामानाचा फुगा मोहरीएवढा दिसत होता. त्याच्या उजवीकडे, नखभर अंतरावर, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचं काहीतरी चंदेरी होतं. फुगा हिंदकळत होता. ते अगदी स्थिर होतं.

मी नवऱ्याला हाक मारली. आम्ही दोघं एकाच वेधशाळेत कामाला. मी दुर्बीण फुग्यावर धरते, तो आकडे टिपतो. त्या दुपारी मात्र त्याचं आकड्यांत लक्षच नव्हतं. दत्तक घेण्याबद्दल अनाथाश्रमातल्या बाईंना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तीन वर्षांची मुलगी, आईवडिलांची काहीच माहिती नाही. त्याचा होकार पहिल्याच भेटीत झाला होता. मीच “अजून थोडी माहिती मिळू दे” म्हणत दिवस ढकलत आले होते. आज उत्तर दिलं नाही, तर ती दुसऱ्या घरी जाणार होती.

त्याने भिंगाला डोळा लावला आणि बिचकून माझ्याकडे बघितलं. मागे एकदा भरदिवसा शुक्राच्या ठिपक्यालाच फुगा समजून तो त्याचे आकडे टिपत बसला होता. आमच्या कामात ही चूक होते, पण तेव्हापासून सगळे त्याला शुक्राचार्य म्हणतात.

“अगं, शुक्र नाही ना?”

शुक्र तेव्हा केव्हाच मावळला होता. मी तसं सांगेपर्यंत ती वस्तू हलली. फुगा वाऱ्याबरोबर पूर्वेला चालला होता. ही सरळ पश्चिमेला निघाली आणि आम्ही आळीपाळीने भिंगातून बघत असतानाच, काही आवाज न करता दिसेनाशी झाली. आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे हसत सुटलो.

असं काही दिसलं की साक्षीदारांनी आपसात बोलायचं नाही, वेगवेगळ्या खोल्यांत बसून चित्र काढायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. साहेबांनी आम्हाला तसं बसवलं. नवराबायकोचं कधी नव्हे ते एकमत होतंय का बघू, म्हणाले. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. तोच दाणा, तेवढाच तिरका, तीच दिशा. तरी कारण म्हणून पक्षी लिहून टाका, असं त्यांनी सुचवलं. नाहीतर वरचे लोक आपल्याला वेड्यात काढतील. मी नाही म्हटलं. पक्षी नव्हता, विमान नव्हतं, शुक्र तर नव्हताच. ओळख पटली नाही, असं लिहून मी सही केली. हात जराही अडखळला नाही, याचं मलाच नवल वाटलं. ते काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि तरी मी मनापासून खूश होते.

बाहेर व्हरांड्यात नवरा फोन हातात धरून नुसताच उभा होता.

“बाईंना काय सांगू?” त्याने माझ्याकडे न बघता विचारलं. “अजून माहिती हवी म्हणू?”

“नको,” मी म्हटलं. “ती आपल्या घरी येतेय, असं सांग.”