पूर्वेचा वारा आणि क्रेकबाबांचं पाणी

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चार दिवस पूर्वेचा वारा सुटला होता आणि जेबेझ एंटविसलच्या कताईच्या यंत्रावर सूत तटातट तुटत होतं. आज अर्धा तास झाला तरी एक धागा तुटला नव्हता. ही नवलाई बघायला इंग्लंडातल्या लँकशायरमधलं ते अख्खं गाव लोटलं होतं. पाद्रीबुवांची स्वयंपाकीणसुद्धा चूल सोडून आली होती.

मधोमध भुतंखेतं उतरवणारे क्रेकबाबा. काळा डगला, हातात घागर. अर्धा तास त्यांचंच चाललं होतं. जमिनीवर पाणी शिंपडायचं, स्तोत्र उलटं पुटपुटायचं, मध्येच डोळे फिरवायचे.

"दिसला," बाबा म्हणाले. "सैतान सूत पिळणाऱ्या चातीवर बसलाय. शेपूट आवळतोय."

"कुठल्या चातीवर?" टॅबिथा मॉसने विचारलं. ती इथली सर्वांत जुनी कातणारी, विधवा.

"तुला नाही दिसायचा, बाई. तुझ्याच नजरेतून तो आत आला. रविवारच्या आत ही गावाबाहेर गेली नाही, तर यंत्र कायमचं बंद."

गर्दी तिच्यापासून दोन पावलं मागे सरकली.

जेबेझ मूळचा पिंपं बनवणारा. दहा वर्षं खपून त्याने हे यंत्र उभं केलं होतं आणि एरवी तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. पण तुटक्या धाग्यांनी त्याचा पार कणा मोडला होता.

"टॅबिथाबाई, राग मानू नका. थोडे दिवस बहिणीकडे..."

"बहीण वारली, मालक. तिच्या शवपेटीचं झाकण तुम्हीच ठोकलंत."

जेबेझ उगाच यंत्राचं एक चाक पुसू लागला.

"जाईन मी," ती म्हणाली. "पण यंत्र बिघडलं की तुम्ही एकेक चाक काढून बघता. बाबांचंही एकेक काढून बघा की."

जेबेझ मनातून चरकला. ही तर त्याचीच रीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमीन सुकली होती, वारा पूर्वेचाच होता आणि धागे पुन्हा तुटत होते.

"बाबा, आज नुसतं स्तोत्र. घागर बाहेर," जेबेझ म्हणाला.

"कोरडं स्तोत्र बाधतं."

"कुणाला? सैतानाला बाधलं तर बरंच."

बाबांनी नाइलाजाने सुरुवात केली. तिसऱ्या कडव्यापर्यंत अकरा धागे तुटले. मग बाबांना गप्प बसवलं आणि टॅबिथाने बदकांच्या डबक्यातलं पाणी आणून जांभया देत जमिनीवर शिंपडलं. थोड्याच वेळात धागे टिकू लागले. तासाभरात एकच तुटला.

"माझा कालचा मंत्र हवेत होता," बाबा म्हणाले.

"मग मघाशी कुठे गेला होता, जेवायला?" स्वयंपाकिणीने विचारलं.

लोक हसत होते तेवढ्यात बाबा घागर घेऊन सटकले.

"पूर्वेचा वारा सुटला की आमची आई चरखा तळघरात न्यायची. तिथे ओल असते," टॅबिथा म्हणाली.

जेबेझने कापसाचे दोन पेळू ताणून पाहिले, एक कोरड्या जागी ठेवलेला, एक ओल्या जमिनीजवळचा. कोरड्याचे तंतू ताठरून एकमेकांपासून फटकून होते. दमट हवेतल्याचे मऊ पडून एकमेकांना धरून होते, पीळ पकडत होते. पश्चिमेचा वारा समुद्रावरून ओल आणतो, पूर्वेचा कोरडाठाक. सैतान म्हणायचा तो एवढाच.

जेबेझ बाकावर चढला. "दहा वर्षं मी चाकांना प्रश्न विचारले. काल एका माणसाला गावाबाहेर काढताना मात्र एकही विचारला नाही. याची मला लाज वाटते. तुम्ही तरी विचारा. कुणी चमत्कार दाखवला, तर त्यातली एकेक गोष्ट काढून ठेवा आणि काय उरतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तोवर कुणाच्या दाराकडे बोट दाखवू नका."

"भाषण पुरे, मालक," टॅबिथा चातीजवळ बसत म्हणाली. "जमीन सुकायला लागलीय."