गाडीचं पांघरूण

संगमेश सरांनी हायब्रिड गाडी घेतली तेव्हा जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीत एकाही माणसाची सुटका झाली नाही. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी गेटशी थांबवून सांगितलं, की ही पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही चालते, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पोरं तास संपला की पळू शकत, शेजाऱ्यांना ती सोय नव्हती.

सगळ्यात जास्त सोसलं ते समोरच्या बापूसाहेबांनी. हे मूळचे अकलूजचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या दारात वीस वर्षांची डिझेल जीप. ती सुरू झाली की कॉलनीतली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. दिवाळीत सरांनी त्यांना आपल्या गाडीत बसवून स्क्रीनवरचा आकडा दाखवला. लिटरला सव्वीस किलोमीटर.

"थंडी पडू द्या सर," बापूसाहेब म्हणाले. "मग बघू तुमची बॅटरी किती कुडकुडती ते."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथल्या तिथे, चार लोकांदेखत पैज लागली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सकाळी सात वाजता स्क्रीनवर बावीसच्या खाली आकडा दिसला, तर सरांनी गुढीपाडव्यापर्यंत दर रविवारी जीप धुवायची. बावीस किंवा वर दिसला, तर बापूसाहेबांनी सरांची गाडी धुवायची.

डिसेंबरात गार वारं सुटलं आणि आकडा तेवीसवर आला. कारण सरांना तोंडपाठ होतं. गार बॅटरी आळसावते, गार इंजिन तापेपर्यंत पेट्रोल पितं, आणि हीटर लावला तर नुसती ऊब पुरवायला इंजिन चालू राहतं. त्यांनी घरात फतवा काढला, हीटरला कुणी हात लावायचा नाही, काचा उघडायच्या नाहीत. त्यांची बायको दाक्षायणी स्वेटरवर शाल घेऊन पुढच्या सीटवर बसायची आणि तिची नोकरीची बँक येईपर्यंत नवऱ्याशी बोलायची नाही.

मग सरांना सोलापूरच्या माणसाला सुचावा तोच उपाय सुचला. चादर. पण आताच्या हलक्याफुलक्या चादरी त्यांना पसंत पडेनात. इंजिन रात्रभर उबदार ठेवायचं तर जुनी, जाडजूड, दुहेरी विणीची पाहिजे, आणि तशी घरात एकच होती, आई नागव्वाच्या कॉटवर. लग्नाच्या आधीपासून ती या चादरीत झोपायची. सरांनी तिला मॉलमधलं गुलाबी ब्लँकेट दिलं आणि चादर नेऊन बॉनेटवर घातली. कडा नीट खोचल्यासुद्धा.

"आता थोपटा," दाक्षायणी म्हणाली. "झोप लागायची न्हाय तिला."

दुसऱ्या दिवसापासून येणारा-जाणारा गाडीच्या तब्येतीची चौकशी करू लागला. सरांनी तेही सोसलं. पण आकडा वर चढायचं सोडून एकविसावर आला, आठवड्यानं एकोणिसावर. सरांनी वर आणखी एक चादर चढवली. आकडा अठरा. मेकॅनिकनं गाडी उलटीपालटी तपासली आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं. सरांना फिजिक्सवरच संशय यायला लागला.

भोगीच्या पहाटे पाचलाच ते उठले आणि आकड्याचं तोंड बघायला बाहेर आले. पोर्चमध्ये बॉनेटवरची जुनी चादर गायब होती. काचांवर आतून वाफ धरलेली, आणि इंजिन हळू आवाजात चालू. चोर! सरांनी दार ओढलं, तशी गरम हवा तोंडावर आली.

पुढच्या सीटवर नागव्वा होती. अंगावर कानापर्यंत तीच चादर, पायात सरांचे कॉलेजचे मोजे, मांडीवर परात. भोगीच्या भाजीसाठी ती ओला हरभरा सोलत होती.

"दार लाव की रे," ती म्हणाली. "गार वारं शिरतंय, चळी येतीया."

"अव्वा! हितं काय करतीयस तू?"

"तुझं ते ब्लँकेट म्हंजे नुसता कापूस. रात्री गुडघं लई ठणकाया लागलं. चादर न्यायला आले, तर म्हटलं, तुझी गाडी गार पडंल. तू एवढा जीव टाकतुयास तिच्यावर. मग आतच बसले. तिलाबी ऊब, मलाबी ऊब."

"चालू कशी केलीस?"

"दसऱ्याच्या पूजेला तूच दाखवलंस की. किल्ली जवळ, पाय ब्रेकवर, बोट बटणावर. ही गरम हवेची फू फू तेवढी मी शोधली. रोज चारला येती. सहाला तिला चादर घालून आत जाती. तुला कळलं असतं तर तू वरडला असतास."

रोज दोन तास. एक फूट न हलता. सरांनी मनात हिशोब लावायला घेतला आणि मध्येच सोडला. त्यांना आधी राग आला, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटली. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचं पांघरूण काढून त्यांनी ते लोखंडाला घातलं होतं, आणि ती पोराच्या भीतीनं चोरून ऊब घेत होती.

सातला बापूसाहेब मफलर गुंडाळून आले, मागं पाचसहा जण. स्क्रीनवर सतरा. टाळ्या पडल्या.

"सर, एवढं कशानं हो पडलं?" बापूसाहेबांनी विचारलं.

पैज अजून वाचवता आली असती. आई हीटर लावून बसायची म्हटलं असतं, की सगळ्यांनी मान्य केलं असतं, पैज पुन्हा लागली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की आई घरात का नाही बसली? नागव्वा दारात उभी होती. हातात परात होती आणि चेहरा उतरला होता.

"थंडीनं," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. थंडी कुणाला वाजत होती, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी अख्ख्या कॉलनीसमोर ते जीप धुवायला बसले. चादर केव्हाच कॉटवर परत गेली होती. पण नागव्वाला आता गाडीची चटक लागली होती. ती चादरीसकट पुढच्या सीटवर जाऊन बसली, तिनं बटण दाबलं आणि काच खाली केली.

"संगू, मागलं चाक ऱ्हायलं बघ!"

"धुतो की," सर हातातला फडका पिळत म्हणाले. "तू आधी काच वर कर अव्वा. वारं लागंल तुला."