लव्हडेच्या दाराचे अकरा थर

समुद्रकाठच्या पोर्थगॅरो गावात मासेमारीची नाव रंगवून उरलेला रंग घराच्या दाराला लागतो. नवी नाव आली की दाराचा रंग बदलतो. लव्हडे ट्रेगेन्झाने यंदा खेकडे धरायला नवी नाव घेतली, ती भडक नारिंगी रंगवली आणि बंदरासमोरच्या घराचं दारही. घर दोनशे वर्षांचं, कौन्सिलच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं. कौन्सिलची नोटीस आली: शुक्रवारपर्यंत दार मूळ रंगात आणा, नाहीतर खटला.

"पांढरा मार आणि मोकळी हो," भाऊ डेन्झिल म्हणाला. "कोर्टात जाशील तर हंगाम बुडेल."

"मूळ रंग हवाय ना त्यांना? मग तो त्यांनीच शोधावा," लव्हडे म्हणाली आणि तिने कौन्सिलच्या अधिकाऱ्यालाच, हार्टलीला, बोलावून घेतलं.

हार्टली गुरुवारी सकाळी पातं आणि भिंग घेऊन आला. "तसा रंग पांढराच निघेल. जुन्या कृष्णधवल फोटोंत सगळी दारं पांढरी दिसतात."

"त्या फोटोंत माझी आजीही करडी दिसते, साहेब," लव्हडे म्हणाली.

त्याने बिजागरीजवळ नाण्याएवढी जागा खरवडायला घेतली. नारिंगीखाली हिरवा निघाला, मग निळा, मग लाल. शेजारचा ऐंशी वर्षांचा जोरी ॲंग्विन बघायला आला होता.

"हिरवी नाव म्हणजे 'मे क्वीन', हिच्या बापाची," तो म्हणाला. "निळी त्याचीच, तिच्या आधीची. लाल हिच्या आजोबांची. तुमची यादी झाली तेव्हा दार लालच होतं."

"खात्री आहे, काका?" हार्टलीने विचारलं.

"त्याच वर्षी, लग्नाआधी, बायकोला भेटायला याच लाल दारात यायचो. हिची आत्याच ती."

हार्टली खरवडत राहिला. अकरा थर निघाले. पांढरा एकही नव्हता. तळाला डांबर होतं.

"म्हणजे मूळ रंग काळा," तो म्हणाला.

डेन्झिलने बहिणीकडे पाहिलं. ती हार्टलीकडे वळली.

"लिहा तसं. मग हेही लिहा, की तुमच्या यादीनंतर दाराचा रंग याआधीही दोनदा बदलला आणि कुणाला नोटीस गेली नाही. काळं दार जपायचं, की दार रंगवायची आमची रीत? तुम्हीच ठरवा."

हार्टलीने थर पुन्हा मोजले आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिला. "नोटीस मागे घ्यायची शिफारस करतो. माझी शिफारस सहसा कुणी डावलत नाही. अट एकच, जुने थर कधी खरवडून काढायचे नाहीत."

"इतकी मेहनत इथे कोण करतंय?" जोरी म्हणाला.

"आणि ही खरवडलेली एवढी जागा उघडी राहू द्या," हार्टली म्हणाला. " लोकांना थर दिसतील."

"नाही," लव्हडे म्हणाली. "पश्चिमेचा वारा खारं पाणी थेट इथे आणून आपटतो. दार कुजलं की तुमचे थरही गेले."

हार्टली मान डोलावून बाजूला झाला. लव्हडेने डबा उघडला आणि त्याच्यासमोरच त्या जागेवर नारिंगी रंगाचा हात मारला.