दिसाआधी आली लेक

"सतरा वजा नऊ किती? बोल! काल आलं होतं, आज कुठं गेलं?"

बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी हाच प्रश्न फिरून फिरून यायचा, आणि सात वर्षांची मेघा रोज वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत बसायची. आत तिच्या आईनं, मंजुषानं, चटणीसाठी मिक्सर लावला, तशी पोरीनं दोन्ही हातांनी कान गच्च धरले. पेन्सिल गडगडत कॉटखाली गेली.

"बघ, बघ! अभ्यास म्हटला की हिची नाटकं सुरू!" तिच्या बापानं, सत्यमनं, हात उगारला. मंजुषा धावत आली अन् तिनं तो वरच्या वर धरला.

सत्यम वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायचा. त्याच्या नजरेतून खोट सुटत नाही, असा त्याचा लौकिक. घरातलं हे कोडं मात्र त्याला सुटेना. शेवटी त्यानं ठरवून टाकलं, दिवाळीनंतर मेघाला बिडकीनला आपल्या आईकडं ठेवायचं. "तिथं कोणी एवढं विचारत नाही. इथं आपलं हसं होतंय." नातीला न्यायला सारजाबाई येऊनही बसल्या होत्या. मंजुषाला ते पटत नव्हतं.

शनिवारी वर्गाच्या यास्मिन मॅडमनी दोघांना शाळेत बोलावलं. टेबलावर मेघाचा प्रवेशाचा फॉर्म होता. 'जन्माच्या वेळी काही अडचण?' या ओळीपुढं सत्यमचं ठसठशीत अक्षर : 'नाही.'

"मेघाचे पप्पा, वर्गात गोंगाट झाला की मेघा कान धरते. एक विचारू? बुरा मत मानो. पोरगी दिवस भरून झाली होती ना?"

मंजुषानं मान खाली घातली.

"पूर्ण भरून," सत्यम म्हणाला.

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. "माझा भाचा जिब्रान अडीच महिने आधी आला. पोटातल्या लेकराच्या मेंदूची मोठी बांधणी त्या शेवटच्या महिन्यांतच चालते. ती ज्याला दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतल्या उजेडात, मशिनींच्या आवाजात करावी लागते, त्याला पुढं कधी गोंगाट सोसत नाही, कधी लक्ष टिकत नाही, कधी गणित अडतं. सगळ्यांचंच होतं असं नाही हं, बरीच लेकरं छान वाढतात. पण माहीत असलं तर वेळेवर हात देता येतो. आम्ही जिब्रानला आळशी म्हणून मारायचो. तो आळशी नव्हता हो, दमत होता!"

"आमचं तसं काही नाही," म्हणत सत्यम उठलाच.

खरं म्हणजे तसंच होतं. मेघा दहा आठवडे आधी जन्मली. वजन बाराशे ग्रॅम. दीड महिना पेटीत होती. 'शाळेत जाईपर्यंत दाखवत राहा,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पोर चालायला लागली, गाल वर आले, आणि सारजाबाई म्हणाल्या, "आता कशाला दवाखाना? सातमाशी म्हणून नाव पडलं तर उद्या सोयरीक कोण करील?" सत्यमनं दवाखान्याची फाईल रद्दीत टाकली. पुढं फॉर्मवर 'नाही' लिहिलं.

सोमवारी पहिल्या पाळीत त्याच्यासमोर मालाचा एक क्रेट आला. त्यावर मालाची माहिती लिहिलेला टॅगच नव्हता.

"धम्मपाल! टॅग कुठंय याचा?"

"साहेब..." भट्टीवरचा धम्मपाल चाचरला. "लाईट गेली, माल भट्टीतून वेळेआधी निघाला. टॅगवर तसं लिहिलं तर तुम्ही भंगारात टाकाल, म्हणून काढून ठेवला."

"अरे शहाण्या, वेळेआधी निघाला हे लिहिलेलं असतं, तर त्याला काय कमी पडलं ते बघून परत भट्टीत घालता आलं असतं! तू टॅग काढलास, म्हणूनच तो भंगारात जाईल!"

सत्यम बोलून गेला मात्र, क्रेटच्या जागी त्याला वहीची सुरळी करणारी दोन इवली बोटं दिसली. अरे देवा! टॅग तर आपणच काढला! आणि बिडकीनला कुणाला धाडायला निघालो आपण?

दुपारी घरात शिरताच तो म्हणाला, "मंजुषा, ती दवाखान्याची फाईल..."

"तुम्हीच नव्हती का रद्दीत टाकली?"

कोपऱ्यातून सारजाबाई उठल्या. त्यांनी आपलं गाठोडं सोडलं. जुन्या खणात गुंडाळलेली फाईल!

"म्या तव्हाच काढून घेतली व्हती, सत्या. मला वाचता येत नाय, पर यात तिचं पाऊल हाय."

पहिल्याच पानावर निळ्या शाईतला ठसा होता, अंगठ्याएवढा.

"माय, लपव म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

"व्हय. चुकलं माझं. सोयरिकीच्या भ्यानं लेकराची दवाच लपवली म्या. नर्सबाई सांगायची तशी उघड्या छातीशी घेऊन बसायचे तिला, वरून लुगडं पांघरून. दिसामासानं गुंजभर वाढायची. तव्हा आपुन घाई केली का रं? मग आताच कशाला?" आणि त्या गुणगुणल्या,

दिसाआधी आली लेक, वाट पाहिली नाई
उराशी धरिते बाई, आता घाई नाई काई

सत्यमनं क्रेटची सगळी हकिगत सांगितली. मंजुषानं डोळे पुसले, पण आवाज तिचा खणखणीत होता. "ती तुमच्या कारखान्यातला माल नाही. तिला परत भट्टीत घालायचं नाही, का भंगारात टाकायचं नाही. तिच्या चालीनं तिला चालू द्यायचं. आणि आपण तिच्याबरोबर चालायचं!"

"मेघा कुठंही जाणार नाही," सत्यम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फॉर्मवरचा 'नाही' स्वतःच्या हातानं खोडला. शेजारी लिहिलं : 'दहा आठवडे आधी जन्म.' खाली सही ठोकली. मॅडमनी मेघाला रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर, पहिल्या बाकावर आणलं. वीस गणितांची पाच केली. सरकारी दवाखान्यात लेकरांच्या वाढीची तपासणी होते, तिथली तारीख सत्यमनं घेतली. वाट लांबची होती. पण आता ती घरातल्या तिघा मोठ्यांना आणि मॅडमना ठाऊक होती.

त्या संध्याकाळी मेघाला फाईल सापडली. "पप्पा, हे कुणाचं पाऊल?"

"तुझंच."

तिचा विश्वास बसेना. तिनं आपला पाय त्या ठशाशेजारी टेकवला. बोटांच्या चिमटीत ठशाची लांबी धरली आणि टाचेपासून मोजत निघाली. मिक्सर बंद होता.

"एक... दोन... तीन..." ती अंगठ्याशी थांबली, विचारात पडली, मग खुदकन हसली. "तीन आणि थोडं!"

वाचकहो, असं एखादं लेकरू आपल्याही घरात, गल्लीत, वर्गात असेल. त्याला सातमाशी म्हणून हिणवू नका, आणि लाजेपोटी ते झाकूही नका. गाल वर आले म्हणून तपासणी सोडू नका. डोळे, कान, बोलणं, खेळणं, अभ्यास, सगळं वेळच्या वेळी दाखवा. वेळेआधी येण्यात लेकराचा काय गुन्हा? त्याला वेळ न देणं, हा गुन्हा मात्र आपला!