सनी सरांचं शास्त्र

गंगापूर रोडवरच्या त्या जिममध्ये सनी सर नावाचा जो प्राणी होता, त्याला सर का म्हणायचं हे कुणी विचारत नसे. दंड फुगलेले, टी-शर्ट धाकट्या भावाचा घातल्यासारखा, आणि पाय असे बारीक की हा बारा महिने ट्रॅक पँट का घालतो ते लगेच कळावं. त्याने एक कोर्स केला होता, तोही शनिवार-रविवारचा, एकूण दोन दिवस. त्याचं सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून मारुतीच्या फोटोशेजारी टांगलेलं.

मनीषा गिरणाऱ्याजवळच्या मळ्यातली. साल दोन हजार सहा, आणि तिची पोलीस भरतीची तयारी चाललेली. धावण्यात ती कुणाला ऐकत नव्हती. अडत होतं ते गोळाफेकीत. चार किलोचा लोखंडी गोळा सहा मीटरच्या पुढे जायला हवा होता आणि तिचा साडेपाचावर बसायचा. वडिलांनी, पुंजारामने, तोंडावर सांगितलं होतं की ही भरती शेवटची. हुकली तर दिवाळीनंतर स्थळं बघायची. म्हणून ती जिमला गेली. तिला अर्धा मीटर हवा होता, बाकी काही नको.

सनी सरांनी तिच्या हातात गुलाबी डंबेल दिलं. एक किलोचं.

"सर, गोळाच चार किलोचा आहे," ती म्हणाली.

"वेट नाही, रिपिटेशन महत्त्वाचं. पन्नास-पन्नास मार. मुलींनी जड उचललं की दंड पुरुषासारखे होतात, मग लग्न कोण करणार? घरी काय करतेस?"

"टोमॅटोची कॅरेटं टेम्पोत चढवते. एकेक वीस किलोचं. दिवसाला शंभरेक होतात."

सरांनी कपाळाला हात लावला. "ती हमाली आहे. मसल तुटतो त्याने. आजपासून एकदम बंद. हे शास्त्र आहे, समजलं?"

शास्त्र म्हटलं की शिकलेली माणसं आधी मान डोलावतात आणि मग विचार करतात, तोही केला तर. मनीषाने मान डोलावली. ऐन तोड्याच्या हंगामात तिने कॅरेटला हात लावणं सोडलं. भात सोडला, भाकरी अर्धी केली, कारण सरांच्या मते ताकद भाकरीत नसते, पावडरीच्या डब्यात असते.

तिच्या वाटची कॅरेटं मग आईने, सुलाबाईने, उचलायला घेतली. सुलाबाई पंचेचाळिशीची, अंगाने काडी. पहिले पंधरा दिवस ती संध्याकाळी चुलीशी बसून कंबर शेकायची. मग शेकणं थांबलं. मनीषाच्या ते ध्यानातही आलं नाही. तिला आईकडे बघायचीच लाज वाटू लागली होती. पदर खोचायचा, कॅरेट छातीशी घ्यायचं आणि तोंडाने हुं करत टेम्पोत चौथ्या थरावर ढकलायचं, हे काय बाईमाणसाचं काम झालं!

"आई, हे सगळं शास्त्राला सोडून आहे," ती एकदा म्हणालीसुद्धा.

"आसंल बाई," सुलाबाई म्हणाली. "पण टेंपो भरल्याबिगर जात नाय."

भरतीच्या मैदानावर मनीषाचा गोळा चार मीटर ऐंशीवर पडला. तीन वेळा टाकला, तिन्ही वेळा पाचाच्या आत. दोन गुणांनी यादी हुकली.

ती तशीच जिमला गेली. सनी सर आरशात स्वतःचा दंड निरखत होते.

"डाएट पाळलं नसशील," सर आरशातूनच म्हणाले.

"सगळं पाळलं सर. आधी साडेपाच जात होता, तो कमी झाला."

"मग जेनेटिक्स. ताकद आईकडून येते. आई कशी आहे तुझी?"

"बारीक आहे."

"बघ! कच्चा मालच तसा. त्याला मी काय करणार?" एवढं बोलून सर दुसऱ्या दंडाकडे वळले.

आणि या शहाण्या पोरीला ते पटलं! घरी येताना जीपमध्ये ती सगळा वेळ आईवर चडफडत होती. जन्मभर राबून आईने आपल्याला दिलं काय, तर ही असली हाडं.

मळ्यात टेम्पो मागे येत होता. मनीषाचा गोळा तिने चुन्याने आखलेल्या सरावाच्या वर्तुळात पडलेला, नेमका चाकाच्या वाटेत. टेम्पोवाला भिकन ओरडला, "मावशी, ते लोखंड काढा की आधी!"

सुलाबाईच्या डाव्या काखेत रिकामं कॅरेट होतं. ते खाली न ठेवताच तिने उजव्या हाताने गोळा उचलला, सवयीने छातीशी घेतला आणि सवयीनेच हुं करून ढकलला. गोळा चुन्याची पाचाची रेघ ओलांडून, सहाचीही ओलांडून कोथिंबिरीच्या वाफ्यात रुतला.

भिकनने टेम्पो मागे घेतला. त्याला त्यात काही विशेष दिसलं नाही. मनीषाने ओसरीतून टेप आणला आणि मोजलं. सहा मीटर चाळीस. तिने पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं.

सनी सरांची तिला शिसारी आली. पण त्या माणसाला निदान आरशापलीकडचं काही दिसतच नव्हतं. आपल्याला तर रोज डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि आपण नाक मुरडत होतो. ती टेप हातात धरून वाफ्यातच खाली बसली आणि रडायला लागली.

सुलाबाई घाबरली. हात पदराला पुसत धावत आली.

"रडू नको गं. चाकाखाली जाईल म्हणून टाकला म्या. मोजूनमापून ठेवला व्हता का तू? व्हता तिथं ठेवते परत," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "तुझ्या सरांना नको सांगू हां, मी हात लावला म्हणून."