डाव्या बाजूची ठक्

बंद दिसलं की उघडून बघायचं, ही श्रेयाची खोड जुनीच. लासूर स्टेशनच्या घरात रेडिओ, शिलाई मशीन, गिरणीची मोटर, काही म्हणून तिच्या हातून सुटलं नाही. वडिलांचं घड्याळ तर आजतागायत जुळलेलं नाही. आता ती शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर होती. तिथं उघडायला काय मिळणार, कपाळ? सगळं मोजायचं आणि खोक्यात भरायचं. म्हणून सुट्टी मिळाली रे मिळाली, की बाईसाहेब संभाजीनगर स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर व्हायच्या. तिथं मीटरगेजचं जुनं वाफेचं इंजिन उभं होतं.

तीसेक वर्षं ते एका बागेत गंज खात पडलं होतं. धुराड्यात कबुतरांची घरटी, भट्टीत चिप्सची पाकिटं. आठ-दहा हौशी माणसांनी परवानग्या काढून ते इथं आणलं, खरवडलं, धुतलं, तेल पाजलं. बॉयलर पार सडलेला, त्यामुळं वाफ काही आता होणार नव्हती. पण चाकं रुळावरून बोटभर उचलायची आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर जागच्या जागी फिरवायची, एवढं ठरलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजता. गावभर आवतणं गेली होती.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं होतं, ते म्हणजे मुबारक चाचा. वय पंच्याहत्तर. पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये हे इंजिन असताना चाचा तिथं फिटर होते, आणि त्याचा नट न् नट त्यांच्या हाताखालून गेलेला. लांब पान्याचं एक टोक लोखंडाला लावायचं, दुसरं कानाला, आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची तपासायची रीत. एकदा चाकं फिरलेली बघतो, मग अल्लानं कधीही बोलवावं, असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. श्रेयाचा त्या म्हाताऱ्यावर फार जीव होता.

गुरुवारी चाचणी झाली. हवा सोडली, चाकं फिरली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण प्रत्येक फेऱ्याला डाव्या बाजूला, मोठा दांडा चाकाला जोडलेला असतो तिथं, आवाज यायला लागला. ठक्. पुन्हा ठक्. श्रेयानं चाचांकडं बघितलं. चाचा पान्यावरचं तेल पुसत बसले होते.

"म्हातारं इंजिन हाय. हाडं वाजायचीच," ते म्हणाले.

आता आली का पंचाईत! उजवीकडं नुसतं कुरकुरलं म्हणून याच माणसानं कॉम्प्रेसरवाल्या जावेदला एकच नट चार वेळा काढायला लावला होता. आणि डावीकडं एवढं घणासारखं वाजतंय, तर कान बंद? श्रेया म्हणाली, चाचा, उघडून बघू. त्यावर चाचांचा पारा असा चढला, की कुणी कधी बघितला नव्हता. डाव्या बाजूला हात लावायचा नाही, लावला तर उद्यापासून मी येणार नाही, एवढं बोलून ते घरी गेले.

श्रेयाला रात्रभर चैन पडलं नाही. रविवारी लोकांसमोर दांडा निखळला तर? हे झालं शहाणपणाचं कारण. खरं कारण वेगळंच होतं. तिथं आत काहीतरी होतं आणि चाचांना ते माहीत होतं.

शुक्रवारी तिनं रजा टाकली. दुपारी चाचा आणि जावेद जुम्म्याच्या नमाजाला गेले, तशी ही दांड्याखाली शिरली. पाचर ठोकून काढली, बेअरिंगची अर्धी वाटी ओढली. वाटीमागं पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्या निघाल्या. झीज भरून काढायला अशा पट्ट्या घालतातच, त्यात नवल काही नव्हतं. तिनं रॉकेलच्या बोळ्यानं एक पुसली आणि बघतच राहिली. पट्टीवर वेल कोरलेली होती. नाजूक पानं, कळ्या, एका फुलाची अर्धी पाकळी. दुसरीवर कोरलेली उर्दू अक्षरं. इंजिनाच्या पोटात नक्षी कोण घालतं, माय?

तेवढ्यात दोघं परत आले. जावेदनं सहज पट्टी हातात घेतली.

"अनवरी," त्यानं वाचलं. "पुढचं कापलंय. आपल्या चाचीचंच नाव की!"

चाचा हत्यारांच्या पेटीवर बसले. बराच वेळ त्यांनी टोपी काढली आणि घातली, काढली आणि घातली. मग सांगायला लागले.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिन संध्याकाळच्या गाडीला लागायचं होतं, बेअरिंग ढिलं, स्टोअरमध्ये पत्रा नाही आणि फोरमन डोक्यावर उभा. चाचा धावत क्वार्टरवर गेले. घरात कुणी नव्हतं. समोर बायकोचं पानदान, माहेरून आलेलं, चौकोनी, सपाट झाकणाचं, झाकणावर तिचं नाव घातलेलं. झाकण उचललं, छिन्नीनं कापलं, बसवलं. इंजिन असं गुळगुळीत पळालं, की फोरमननं पाठ थोपटली. नवं झाकण करून आणू, असा चाचांचा बेत होता. पण घरी येऊन बघतात तर अनवरीनं झाकण चोरल्याचा आळ धाकट्या जावेवर, रुक्सारवर, घेतलेला. ती तेव्हा त्यांच्यातच राहायची. नको नको ते बोलणं झालं. रुक्सार त्याच रात्री नवऱ्याला घेऊन निघाली, ती परत उंबरा चढली नाही.

"उद्या सांगू म्हणलं," चाचा म्हणाले. "उद्या, उद्या करता बेचाळीस वरसं झाली, पोरी. रुक्सार इथं दौलताबादला ऱ्हाती. धा-बारा मैलावर. माझ्या भावाच्या मातीला बी ह्या दोघी एकमेकीशी बोलल्या नाय."

श्रेयाला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. चाचांनी पट्ट्या पुढं केल्या आणि जिथं होत्या तिथंच परत घाल म्हणाले.

"परत बसणार नाहीत, चाचा," ती म्हणाली. "झिजल्यात. म्हणून तर ठक् वाजतीय. नव्या मी करून आणते. ह्या तुम्ही घरी न्या."

एकट्यानं जायची त्यांची छाती होईना, म्हणून तिनंच त्यांना स्कूटीवर बसवून घरी नेलं. अनवरी चाची दारातच सुपारी कातरत बसल्या होत्या. पुढ्यात तेच पानदान, वर झाकण म्हणून स्टीलची ताटली. नवं झाकण त्यांनी कधी घेऊ दिलं नव्हतं. चोरणारीला लाज वाटावी म्हणून ती ताटली, असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. चाचांनी पट्ट्या समोर ठेवल्या आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. चाचींनी पट्ट्या उचलल्या, पदरानं पुसल्या, नावावरून अंगठा फिरवला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्रेयाला वाटलं.

"परवा सकाळी दौलताबादला जायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "अकरा वाजता. तुमच्या तोंडानं सांगायचं तिला."

"परवा अकराला इंजिन..." चाचा पुटपुटले.

"व्हय. म्हायीत हाय मला."

रविवारी शेडमध्ये ही गर्दी. श्रेयानं नव्या पट्ट्या घातल्या होत्या, पाचर स्वतः ठोकली होती. अकराला जावेदनं हवा सोडली. चाकं हलली, दांडे वरखाली झाले, आणि ती एवढी मोठी काळी वस्तू लोण्यातून फिरल्यासारखी फिरायला लागली. लोक मोबाईल उंचावून बघत होते. ज्याला बघायचं होतं, तो तेवढा तिथं नव्हता. श्रेयाला भडभडून आलं. तिनं चाचांना फोन लावला आणि मोबाईल डाव्या दांड्याजवळ धरला. एक फेरा, दोन फेरे, दहा फेरे. मग तिनं तो कानाला लावला.

"ठक् नाय," चाचा म्हणाले. आवाज ओला होता.

"नाही, चाचा. तिकडं काय?"

चाचांनीही बहुतेक फोन पुढं धरला असावा. अडकित्त्याचा कटकट आवाज आला, आणि त्यावर दोन म्हाताऱ्या बायका एकाच वेळी, एकमेकींना बोलू न देता, बोलत होत्या.