खाटेवरचा माणूस

परीक्षा उद्यावर आली आणि हर्षालीच्या डोक्यात नुसता गोंधळ. पिलाटेस नावाचा व्यायामप्रकार शिकवायचं प्रमाणपत्र हवं, तर त्याचा इतिहासही पाठ करा म्हणे! नाशिक रोडच्या घरात, सासऱ्यांच्या पलंगाशी पुस्तक घेऊन बसून ती मोठ्याने घोकत होती. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले अप्पा खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने पडूनच होते.

"पहिल्या महायुद्धात हा व्यायाम काढणारे जोसेफ पिलाटेस कैदेत होते. तिथल्या आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यांनी झोपल्या झोपल्या व्यायाम करवला, असं सांगतात."

"सांगतात म्हणजे? झालं की नाही?"

"एक मॅडम म्हणतात झालं, दुसऱ्या म्हणतात पुरावा नाही. पेपरात काय लिहू, तेच कळेना."

"ते राहू दे. मला ने की तुझ्या क्लासला."

"नाही हो अप्पा! क्लासचा पहिलाच नियम आहे, पेशंट घ्यायचे नाहीत. धडधाकट माणसंच."

बोलून गेली आणि तीच थबकली.

अप्पा छताकडे बघत म्हणाले, "मग त्या खाटेवरच्या माणसाला हाकललं कुणी? तेही असेल ना पुस्तकात?"

हर्षालीने पुस्तक पुढून मागे चाळलं. मग मागून पुढे.